पंचवीस फुटांची रेघ आणि दीड हंगामाची लीग

बास्केटबॉलमधली तीन गुणांची रेघ, जिच्या बाहेरून बास्केट केलं की दोनऐवजी तीन गुण मिळतात, ती एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगने नव्हे, तर १९६१ च्या अमेरिकन बास्केटबॉल लीगने आणली, असं गेल्या अंकातल्या चौकटीत आम्ही दोन ओळींत लिहिलं होतं. त्यावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तीन गुणांचा नियम १९७९ चा, असं आमचे सर सांगतात. तुम्ही १९६१ म्हणता. खरं कोणाचं? — विद्यार्थी, जुळे सोलापूर

सर चुकलेले नाहीत, ते एनबीएबद्दल बोलतायत. एनबीएने हा नियम १९७९-८० च्या हंगामात घेतला आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पहिला थ्री बोस्टन सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्डच्या नावावर लागला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत, म्हणजे फिबा या जागतिक संघटनेच्या नियमात, तो १९८४ ला आला. पण अख्ख्या लीगने पहिल्या सामन्यापासून नियम म्हणून तो पाळला, हे पहिल्यांदा घडलं अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये. तिला पुढे एबीएल म्हणू.

एबीएल उभी केली एब सॅपरस्टीनने. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा करामती करत जगभर फिरणारा संघ त्याचाच. एनबीएची सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. तेव्हा ग्लोबट्रॉटर्सचा खेळ आणि एनबीएचा सामना एकाच तिकिटावर लावला की सभागृह भरायचं. या उपकाराच्या बदल्यात लॉस एंजेलिसचा संघ आपल्याला मिळेल, असं सॅपरस्टीन धरून चालला होता. १९६० मध्ये मिनीॲपोलिसचे लेकर्स उठून लॉस एंजेलिसला गेले आणि तो दरवाजा बंद झाला. मग गड्याने वेगळी चूलच मांडली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये आठ संघांनिशी खेळ सुरू झाला : शिकागो मेजर्स, क्लीव्हलँड पायपर्स, पिट्सबर्ग रेन्स, वॉशिंग्टन टेपर्स, कॅन्सस सिटी स्टीअर्स, लॉस एंजेलिस जेट्स, सॅन फ्रान्सिस्को सेंट्स आणि हवाई चीफ्स. एनबीएपेक्षा वेगळं दिसायला हवं म्हणून तीन बदल केले. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, बॉल टाकायला २४ ऐवजी ३० सेकंद, आणि रिंगखालचा तीन सेकंदांचा पट्टा (चढाई करणाऱ्याला ज्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही तो) १२ फुटांऐवजी १८ फूट रुंद. पट्टा रुंद केला की उंच खेळाडूला रिंगखाली तळ ठोकता येत नाही. एनबीएने स्वतःचा पट्टा १६ फुटांचा केला तो १९६४ मध्ये.

रेघेचं अंतर कसं ठरलं, हे गमतीचं आहे. सॅपरस्टीन आणि डीपॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक रे मेयर टेप घेऊन कोर्टवर गेले आणि २५ फूट बरे दिसतात म्हणून २५ फूट ठरवले. त्यामागे गणितबिणित काही नव्हतं. जून १९६१ मध्ये सॅपरस्टीन प्रवासात असताना बाकीच्या सात मालकांनी ४ विरुद्ध ३ मतांनी ती रेघ २२ फुटांवर आणली. सॅपरस्टीनने तो ठराव फारसा मनावर घेतला नाही. कोपऱ्यात मात्र २२ फूट त्याने मान्य केले. समोरून लांब आणि कोपऱ्यात जवळ, हा आज एनबीएत दिसणारा आकार तिथूनचा आहे. एनबीएत आज समोरून २३ फूट ९ इंच आहेत, कोपऱ्यात अजूनही २२ फूटच.

प्रश्न : इतकी नवी कल्पना असूनही लीग का बुडाली? — होटगी रोड

रेघेने तिकिटं खपतील हा हिशेब चुकला. प्रवासाच्या खर्चाचा हिशेब तर बहुधा कोणी नीट मांडलाच नव्हता.

नुसता हवाईचा संघ घ्या. होनोलुलूपासून सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी कॅलिफोर्नियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को धरलं तरी पावणेचार हजार किलोमीटरच्या वर, मध्ये नुसतं पाणी. उत्पन्न मुख्यतः दारावरच्या तिकिटाचं, आणि त्यातून विमानाची भाडी, सभागृहाचं भाडं, पगार भागवायचे. लॉस एंजेलिस जेट्सने पहिल्याच हंगामात, जानेवारी १९६२ मध्ये दुकान बंद केलं. त्याच शहरात आता लेकर्स होते, तेही एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांना घेऊन. टेपर्सनी हंगाम चालू असतानाच वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला बाड हलवलं आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला. हवाई चीफ्स लाँग बीचला आले, सॅन फ्रान्सिस्कोचे सेंट्स ओकलंडला जाऊन ओक्स झाले. दर वर्षी गाव बदलणाऱ्या संघाला घरचा प्रेक्षक मिळायचा कुठून?

क्लीव्हलँडचं प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचं. पायपर्सचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, तोच ज्याने पुढे १९७३ मध्ये न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉलचा संघ घेतला. त्याचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली कॅन्ससला शिकलेले, आणि गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र व्यावसायिक लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी बिनसलं आणि त्यांनी हंगामाच्या मध्यात राजीनामा दिला. जागी आले बिल शर्मन, नुकत्याच बंद पडलेल्या जेट्सचे प्रशिक्षक. अंतिम फेरीत स्टीअर्सविरुद्ध ०-२ ने मागे पडलेले पायपर्स ३-२ ने जिंकले.

मग स्टाइनब्रेनरने ओहायो स्टेट विद्यापीठाचा खेळाडू जेरी ल्युकस करारबद्ध केला आणि त्याच्या जोरावर थेट एनबीएत शिरायचा घाट घातला. सॅपरस्टीनने कोर्टात जायची धमकी दिली, पैशांची जुळवाजुळवही फसली. पायपर्स ना एनबीएचे राहिले ना एबीएलचे. विजेता संघच गायब झाल्यावर दुसरा हंगाम सहा संघांवर सुरू झाला आणि ३१ डिसेंबर १९६२ ला अर्ध्यात संपला. ल्युकस ते वर्ष घरी बसला आणि १९६३ ला सिनसिनाटी रॉयल्सकडून एनबीएत खेळू लागला.

प्रश्न : दुसरा हंगाम पूर्ण झाला नाही, अंतिम सामना झाला नाही, तरी कॅन्सस सिटी विजेता कसा? संघांनी सामनेही सारखे खेळले नसतील. — स्कोअरर, पार्क चौक

नव्हतेच खेळले. लीग थांबली तेव्हाचा तक्ता, आधी जिंकलेले मग हरलेले सामने : कॅन्सस सिटी २२-९, लाँग बीच १६-८, पिट्सबर्ग १२-१०, ओकलंड ११-१४, फिलाडेल्फिया १०-१८, शिकागो ८-२०. कोणी ३१ सामने खेळलं, कोणी २२. अशा वेळी नुसते विजय मोजले तर जास्त सामने मिळालेल्याचा फुकट फायदा होतो. म्हणून टक्केवारी काढतात, विजय भागिले एकूण सामने. कॅन्सस सिटी २२ भागिले ३१ म्हणजे ०.७१०, लाँग बीच १६ भागिले २४ म्हणजे ०.६६७.

अमेरिकेत आणखी एक आकडा लावतात, आघाडीच्या संघापासून किती सामने मागे. दोघांच्या विजयांतला फरक अधिक दोघांच्या पराभवांतला फरक, भागिले दोन. विजयांत फरक ६. पराभवांत लाँग बीच एकाने कमी, म्हणून उणे १. पाच भागिले दोन, अडीच सामने मागे. दोन्ही मोजमापांत कॅन्सस सिटी वर, म्हणून त्यांना विजेता जाहीर केलं. लाँग बीचवाल्यांना हे गोड लागलं नसणार, कारण त्यांचे पराभव सर्वांत कमी होते.

तुम्ही तक्ता मांडताना एक पडताळा जरूर करा. सगळ्या विजयांची बेरीज आणि सगळ्या पराभवांची बेरीज सारखीच यायला हवी. वरच्या तक्त्यात दोन्ही ७९ आहेत. न जुळल्यास एखादा निकाल एकाच संघापुढे चढवलेला असतो.

प्रश्न : आमच्या सिमेंटच्या कोर्टवर १९६१ च्या नियमांनी एक प्रदर्शनीय सामना घ्यायचा आहे. रेघा कशा आखाव्यात? — प्रशिक्षक, विजापूर रोड

आपलं कोर्ट फिबाच्या मापाचं, २८ बाय १५ मीटर. अमेरिकेतलं ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर रुंद. या २४ सेंटिमीटरमुळे एक पेच पडतो. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, आणि तुमच्या कोर्टची अर्धी रुंदी ७.५० मीटर. नुसता अर्धगोल मारलात तर रेघ बाजूच्या सीमारेषेबाहेर जाईल. कोपऱ्यातली सरळ रेघ म्हणूनच लागते.

सुरुवात रिंगच्या केंद्रापासून करा. बोर्डापासून किंवा खांबापासून मापलं की सगळं बिघडतं, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. रिंगवर दोन दोरे एकमेकांना काटकोनात छेदतील असे ताणून बांधा, छेदबिंदूतून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने फुली मारा. हे सकाळी वारा पडलेला असताना करा, नाहीतर ओळंबा झुलत राहतो. फुलीपासून मागच्या सीमारेषेच्या आतल्या कडेपर्यंत १.५७५ मीटर भरायला हवेत (बोर्ड १.२० मीटर आत, बोर्ड ते रिंग १५ सेंटिमीटर, रिंगचा अर्धा व्यास २२.५ सेंटिमीटर). खेळाडू लटकून लटकून रिंग पुढे झुकलेली असेल तर आधी ती सरळ करून घ्या. खांबच चुकीच्या जागी रोवलेला असेल तर रिंगची फुली खरी धरा, कारण अंतर मोजायचं ते रिंगपर्यंतचं.

फुलीतून आडवे दोन्ही बाजूंना ६.७१ मीटर (२२ फूट) मोजा. तिथून बाजूच्या सीमारेषेपर्यंत ७९ सेंटिमीटर उरतील. खेळाडूला दोन्ही पाय टेकवून उभं राहायला जेमतेम जागा, तेव्हा कोपऱ्यात पाय बाहेर पडण्याचे प्रकार वाढणार हे पंचांना आधीच सांगून ठेवा. या खुणेतून बाजूच्या रेषेला समांतर सरळ रेघ मागच्या सीमारेषेपासून ५.१९ मीटरपर्यंत आणा. मग टेपचं शून्य फुलीवर घट्ट धरून ७.६२ मीटरवर दर ३० सेंटिमीटरला खडूने ठिपके द्या. कमानीचं टोक सरळ रेघेच्या टोकाशी आपोआप जुळलं पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर फुली चुकली आहे, ठिपके खेचून जुळवू नका. शेवटी रिंगसमोरच्या माथ्याचं माप घ्या. मागच्या सीमारेषेपासून ९.१९५ मीटर, म्हणजे आजच्या ६.७५ च्या रेघेच्या ८७ सेंटिमीटर बाहेर. ही सगळी मापं रेघेच्या बाहेरच्या कडेची आहेत. रेघेची ५ सेंटिमीटर जाडी आत धरायची, आणि रेघेवर पाय म्हणजे दोनच गुण.

टेप स्टीलची घ्या. नायलॉनची सुतळी साडेसात मीटरवर जोरात ओढली की सहज पाच-सहा सेंटिमीटर वाढते, आणि एका बाजूला ढिली, दुसऱ्या बाजूला ताठ धरली की कमान अंड्यासारखी होते. मैदानावर मारतो तशी फक्की सिमेंटवर मारू नका, बूट घसरतात. एका दिवसाच्या सामन्यासाठी ओला खडू पुरतो, पण मध्यंतरात पुन्हा फिरवावा लागेल. रंगच द्यायचा असेल तर एका बाजूची रेघ साधारण २७ मीटर भरते, दोन्ही मिळून क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आत. अर्धा लिटर रंगात दोन हात होतात. मास्किंग टेप लावण्याआधी कोर्ट झाडून ओल्या फडक्याने पुसून वाळवा. धुळीवर टेप धरत नाही आणि रंग खालून पसरतो. उन्हाळ्यात दुपारी रंग द्यायचं तर मनातही आणू नका, तापलेल्या सिमेंटवर तो ब्रश फिरवता फिरवता वाळतो आणि पापुद्रे सुटतात. जुन्या रेघांपेक्षा वेगळा रंग घ्या, म्हणजे पंचांचा घोळ होणार नाही.

१८ फुटी पट्ट्यासाठी सध्याच्या ४.९० मीटरच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी साडेएकोणतीस सेंटिमीटर वाढवा, की ५.४९ होतो. ३० सेकंदांसाठी वेगळं स्टॉपवॉच आणि वेगळा माणूस ठेवा. बॉल रिंगला लागला की पुन्हा पूर्ण ३०. आजचा १४ सेकंदांचा नियम (रिंगला लागून बॉल पुन्हा त्याच संघाकडे आला की फक्त १४ सेकंद) त्यात मिसळू नका. स्कोअरशीटवर तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल करतात, ते टेबलवरच्या मुलांकडून आदल्या दिवशी करून घ्या.

प्रश्न : गूगलवर एबीएल शोधलं की वेगवेगळी वर्षं येतात. — नेहरूनगर

नाव एकच, लीगा वेगळ्या. पहिली एबीएल १९२५ ची. दुसरी ही, सॅपरस्टीनची. आणि १९९६ ची महिलांची, जिचे दोन्ही पूर्ण हंगाम कोलंबस क्वेस्टने जिंकले आणि जी डिसेंबर १९९८ मध्ये तिसऱ्या हंगामाच्या मध्यात बंद पडली. या शेवटच्या दोन्ही एबीएल डिसेंबरातच आटोपल्या! शोधताना नावापुढे साल टाका. एबीए, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, हे प्रकरण आणखी निराळं, १९६७ ते १९७६. तिरंगी, म्हणजे लाल-पांढरा-निळा बॉल तिचा, एबीएलचा नव्हे. तीन गुणांचा नियम मात्र तिने एबीएलकडूनच उचलला.

प्रश्न : टेपर्स हे कसलं नाव? — चादर कारखान्यातील कामगार, अक्कलकोट रोड

चिकटपट्टीचं. टेपर्स हा टेक्निकल टेप कंपनीचा संघ. अमेरिकेत त्याआधी कंपन्यांच्या संघांची एक औद्योगिक लीग होती. दिवसा कंपनीत नोकरी, संध्याकाळी कंपनीच्या नावाचा बनियन घालून सामना, आणि कागदोपत्री खेळाडू हौशी. टेपर्स आणि पायपर्स दोघेही तिथून एबीएलमध्ये आले. आपल्याकडे एखाद्या संघाचं नाव ‘सोलापुरी चादर’ ठेवावं, तसंच हे. नाव वाईट नाही, थंडीच्या सामन्यांना शोभेल.

प्रश्न : या लीगमधून कोणी मोठा खेळाडू निघाला का? — सात रस्ता

कॉनी हॉकिन्स. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा पोरगा, हाताचे पंजे एवढे मोठे की बॉल संत्र्यासारखा एका हातात धरायचा. १९६१ मधल्या सामना-निश्चितीच्या प्रकरणात त्याचं नाव गोवलं गेलं. आरोप कधीच ठेवला गेला नाही, पण आयोवा विद्यापीठातून तो बाहेर पडला आणि एनबीएने दार लावून घेतलं. एबीएलने घेतलं, आणि १९ व्या वर्षी पिट्सबर्ग रेन्सकडून सामन्यामागे २७.५ गुणांच्या सरासरीने तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीग बुडाल्यावर ग्लोबट्रॉटर्स, मग एबीए. तिथेही पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू. एनबीएवर त्याने खटला भरला, १९६९ मध्ये तडजोड झाली आणि सत्ताविसाव्या वर्षी तो फिनिक्स सन्समध्ये गेला. बिल ब्रिजेस (स्टीअर्स) आणि डिक बार्नेट (पायपर्स) यांचीही पुढे एनबीएत मोठी कारकीर्द झाली. बार्नेट सिरॅक्यूसचा एनबीए संघ सोडून आला होता, त्यावरून कोर्टबाजी झाली ती वेगळीच.

शर्मन यांचाही उल्लेख इथेच करायला हवा. पायपर्स १९६२, एबीएत यूटा स्टार्स १९७१, एनबीएत लेकर्स १९७२. तिन्ही लीगांची विजेतेपदं मिळवणारे प्रशिक्षक तेच.

प्रश्न : शहरातल्या सहा क्लबांची लीग सुरू करतोय. मध्येच बंद पडू नये म्हणून काय करावं? — जुना खेळाडू, नवी पेठ

सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे ३० सामने. दहा फेऱ्या, फेरीत तीन सामने. दर रविवारी एक फेरी धरलीत तर दहा रविवार. वेळापत्रकासाठी एका संघाला जागेवर ठेवून बाकीचे पाच घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर सरकवा. पाच फेऱ्यांत सगळ्यांची गाठ पडते, मग तेच यजमान-पाहुणे उलटे करून पुन्हा. दिवाळी संपल्यावर सुरू करा. संक्रांतीला गड्ड्याच्या दिवसांत एकही सामना ठेवू नका, खेळाडूही जत्रेत आणि प्रेक्षकही. मार्चपासून परीक्षा आणि ऊन, त्याच्या आत अंतिम सामना उरकायला हवा. दिवसाला दोन सामने सकाळी, एक संध्याकाळी. प्रत्येकाला पावणेदोन तास धरा.

जेट्ससारखा संघ मध्येच गळाला तर काय, हे पहिला बॉल उडायच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या मते सोपं सूत्र असं : निम्म्यापेक्षा कमी, म्हणजे पाचाहून कमी सामने खेळून गेला तर त्याचे सगळे निकाल रद्द. पाच किंवा जास्त खेळला असेल तर उरलेले सामने समोरच्याला २०-० ने बहाल. गुण फिबाप्रमाणे जिंकल्यास २, हरल्यास १, न आल्यास ०. हरणाऱ्यालाही १ मिळतो, त्यामुळे तळाचे संघ शेवटच्या रविवारीही येतात.

अनामत रक्कम सुरुवातीलाच घ्या आणि दहावी फेरी खेळल्यावरच परत द्या. पंचांचं मानधन त्याच दिवशी, मैदानावर. आणि कोर्ट एकच ठेवा. दर रविवारी जागा बदलली की प्रेक्षक तर चुकतोच, कधी संघही चुकतो.

प्रश्न : आपल्या देशात अशी लीग झाली का? — विद्यार्थिनी, अशोक चौक

झाली. युनायटेड बास्केटबॉल अलायन्स, २०१५ पासून, आठ संघ, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे आपल्याकडचे. २०१७ नंतर तिचा हंगाम झाला नाही. सोलापूरचा संघ त्यात नव्हता.